धवलारणीचा उजवा हात

करावे गावात लग्न ठरलं की पत्रिका छापायला टाकण्याआधी एक काम उरकावं लागतं. धवलारणीला सुपारी द्यावी लागते. धवलारीण म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी बाई. देवांना, पितरांना आणि घरातल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन ती मांडवात बोलावते, तेव्हा कुठे हळद लागते. डीजेवाला आला नाही तर पोरं रुसतात, भटजी उशिरा आला तर म्हातारे कुरकुरतात. पण धवलारीण आली नाही तर लग्नच अडतं. आणि तिची सुपारी तिच्या उजव्या हातातच द्यायची असते. उंबऱ्यावर ठेवून, सुनेजवळ देऊन किंवा फोनवर कळवून ती पोचत नाही.

म्हणूनच नमिता उरणहून भर दुपारची माहेरी आली होती. तिच्या लेकीचं, उन्नतीचं लग्न ठरलं होतं. धवलारीण म्हणजे तिची सख्खी आत्या, गोजराबाई. आत्या तरुणपणीच विधवा होऊन भावाच्या घरी परतली, आणि पुढे भावजय गेली तेव्हा नमिताला आणि धाकट्या धनेशला तिनंच वाढवलं. धनेश तर तिच्या पदराला धरूनच मोठा झाला. तिनं खाडीच्या चिखलातल्या निवट्या मासळ्या आणून भाजल्या की पहिला घास त्याचा, नमितानं मागितला तर तिला काटे.

वर्षापूर्वी आत्याला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली; तरी सुपारीचा मान तिचाच होता. तेव्हापासून ती धनेशच्या चार मजली बिल्डिंगीत तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत होती. नमिता सुरुवातीला यायची. मग तिच्या सासूचं आजारपण निघालं, मग उन्नतीची स्थळं. फोन केला की धनेश म्हणायचा, "आत्या झोपलीय." व्हिडिओ कॉल केला तरी आत्या झोपलेलीच. माणूस इतकं झोपतं का, असं नमिताच्या मनात यायचं आणि दुसरं काम निघालं की जायचं. आपल्या माणसावर संशय घ्यायला आपल्याला कधी सवड होते का?

नाक्यावर धनेशचा भलामोठा बॅनर लागला होता. 'करावे गावातील ज्येष्ठांचा भव्य सत्कार.' हात जोडलेला, गॉगल कपाळावर चढवलेला धनेश वर, शाल पांघरलेले चार म्हातारे खाली, आणि अगदी तळाशी 'अडचणीतील ज्येष्ठांसाठी हेल्पलाईन १४५६७, पोलीस ११२'. नमिताला कौतुक वाटलं. भावाचं नाव झालं होतं गावात.

दार उज्वलानं उघडलं. धनेशची बायको. साताऱ्याकडची, वाशीच्या मार्केटातल्या माथाडी कामगाराची मुलगी. धनेशनं ती स्वतः पसंत करून आणली तेव्हा घरात रणकंदन झालं होतं. सगळ्यात जास्त आडवी गेली ती आत्याच. "घाटनीच्या हळदीला मी तोंड उघडनार नाय," असं तिनं चारचौघांत सांगितलं आणि खरंच उघडलं नाही. धनेशची हळद डीजेवर लागली. धवल्यांत उज्वलाचं नाव आजवर कुणी घेतलं नव्हतं, आणि गावानंही तिला दुसरं नाव दिलं नव्हतं. घाटीण म्हणजे घाटीण.

"वन्सं, फोन करून यायचं न्हाई का?" उज्वला म्हणाली. तिचा एक हात अजून कडीवरच होता. "हे ऑफिसात हाईत."

"मना आत्याला सुपारी द्यायची हाय. त्याच्याकडं काय काम?" नमिता तिला बाजूला सारून आत गेली.

मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. नमितानं ती काढली आणि आधी वास आला. साचलेल्या मुताचा आणि डेटॉलचा. खिडकीवर पुठ्ठा ठोकलेला होता. ट्यूबलाईट लावली तेव्हा खाटेवर आत्या दिसली, आणि नमिताला क्षणभर वाटलं की आपण चुकून कुणा दुसऱ्याच्या खोलीत शिरलोय. केस मुळापासून कापलेले. अबोलीचा गजरा माळून, नाकात मोठी नथ घालून साऱ्या मांडवाला दटावणारी ती बाई मुठीएवढी झाली होती.

"आत्या, मी आली. नमी."

आत्यानं डोळे वळवले. तिनं ओळखलं. डावा, चांगला हात उचलून तिनं नमिताच्या मनगटाला धरलं आणि त्याच वेळी नमिताला तिचं मनगट दिसलं. सभोवार काळी-निळी रेघ. जनावराच्या पायाला दावं काचतं तशी. दंडावर चार बोटं उमटलेली होती, जुनी पिवळी आणि त्यांच्यावर नवी जांभळी. घसरून पडल्यावर माणसाला बोटं उमटत नाहीत, एवढं कळायला नमिताला डॉक्टर लागत नव्हता.

तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती वळली. उज्वला दारातच उभी होती, पदर दोन्ही खांद्यांवरून गच्च ओढून.

"हे काय हाय?"

उज्वलानं एकदा बाहेरच्या दाराकडे पाहिलं.

"बोल ना! चांगला हात बांधतेस तिचा? लुळ्या बाईवर मर्दुमकी? तुझ्या हळदीला गायली नाय, त्याचं उट्टं काढतेस होय गं?"

"वन्सं," उज्वला खालच्या आवाजात म्हणाली, "सुपारी द्या त्यांना. आधी त्यांच्या हातात सुपारी द्या."

नमिताला तर हा निर्लज्जपणाचा कळस वाटला. आत्याचा हात तिनं हळूच सोडवला. आत्या सोडत नव्हती. "आली मी, आत्या. बंदोबस्त करून आली," असं म्हणून ती तरातरा बाहेर पडली.

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिनं फोन हातात घेतला होता. बॅनरवरचा आकडा समोरच होता. तिनं पहिले दोन आकडे दाबलेही. मग तिला उन्नतीची सासरची माणसं आठवली. लग्नाआधी मुलीच्या मामाच्या दारात पोलिसांची गाडी? आपलेच दात आणि आपलेच ओठ. घरातलं घरातच मिटवावं, कर्ता भाऊ आहे की आपला. तिनं आकडे पुसले आणि धनेशच्या ऑफिसचा काच-दरवाजा ढकलला. सात पिढ्यांचं शहाणपण असं नको त्या वेळी नेमकं कामाला येतं.

धनेश भाड्याच्या खोल्या दाखवायचं काम करायचा. ताईला पाहून तो खुर्चीवरून उठलाच, पोराला चहाला पिटाळलं, पंखा तिच्याकडे वळवला.

"अरे, पंखा कसला वळवतोस? घरान नागीन पालली हाय तू!" नमितानं सगळं सांगितलं. मनगट, दंड, केस, बाहेरची कडी. सांगता सांगता तिला रडू कोसळलं. "तुझ्या पाठीमागं ती घाटीन आत्याला मारते, धनेश."

धनेश ऐकत राहिला. त्याचा चेहरा पडला नाही की चिडला नाही. त्यानं पेनचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"खोलीत गेलीस तू?" त्यानं विचारलं.

"गेली म्हणजे? न बघता सांगते काय?"

"उज्वला काय बोलली?"

"काय बोलणार? तोंड हाय का तिला?"

"बरोबर." धनेशनं मान हलवली. "टेन्शन घेऊ नको, ताई. मी बघतू तिच्याकडं. तू घरी जा, लग्नाची कामं पडली असतील तुला. कुनाला बोलू नको फक्त." त्यानं स्वतः रिक्षा थांबवली, ताईला बसवलं, रिक्षावाल्याला सीवूड्स स्टेशन सांगितलं. असा भाऊ सगळ्यांना मिळो, असंच रिक्षावाल्याला वाटलं असेल.

स्टेशनाशी उतरताना नमितानं पैसे काढायला पदराची गाठ सोडली आणि हातात सुपारी आली. विड्याच्या पानात गुंडाळलेली, हळद-कुंकू लावलेली. रागाच्या भरात ती द्यायचीच राहिली होती. धवलारणीच्या दारातून सुपारी परत घरी नेणं म्हणजे अपशकुन. "वळव," ती रिक्षावाल्याला म्हणाली.

रिक्षा वळली आणि नमिताला दुसरीच गोष्ट टोचू लागली. धनेशनं 'आत्याला फार लागलंय का' असं विचारलं नव्हतं. 'खरंच?' असंही म्हटलं नव्हतं. त्याला फक्त एवढंच हवं होतं की कोण काय बोललं. बॅनरजवळून जाताना तिनं भावाच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं आणि मान वळवली. नको त्या वाटेला मन जात होतं. तिनं त्याला दटावलं, पण ते काही मागे फिरेना.

धनेशची गाडी बिल्डिंगीखाली होती. म्हणजे ऑफिस टाकून तो लगेच घरी आला होता. नमितानं बेल दाबली. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ कसलाच नाही. तिनं दारावर थाप मारली. दार धनेशनं उघडलं. बाह्या वर सारलेल्या, कपाळाला घाम.

"परत कशाला आलीस?"

"सुपारी राहिली."

त्याच्या खांद्यामागं उज्वला भिंतीला टेकून उभी होती. ओठ फुटलेला होता आणि हनुवटीपर्यंत रक्त आलं होतं. एक डोळा सुजून मिटत चालला होता. ती नमिताकडे बघत होती आणि त्या नजरेत राग असता तर नमिताला सोसला असता.

"तू सांगितलंस म्हणून जाब विचारला मी तिला," धनेश म्हणाला. "आता हात नाय लावायची आत्याला. झालं ना समाधान? सुपारी दे इकडं, मी देतू आत्याला."

आपण काय करून बसलो हे नमिताला हळूहळू दिसायला लागलं, आणि बघवेना. पदर उज्वलानं खांद्यावरून गच्च का ओढून घेतला होता आणि बाहेरच्या दाराकडे ती का बघत होती. पण खात्री? सख्ख्या भावाबद्दल असं मनात आणायला खात्री नको?

"सुपारी हातात द्यायची असते," ती म्हणाली. "आत्याच्याच हातात. तुला ठाव हाय."

"तिला काय कळतंय? वाचा गेली तिची. कोन गानार?"

"न का गाईना. पोरीच्या लग्नाला अपशकुन नको मना."

धनेश क्षणभर आडवा राहिला. मग त्यानं वाट दिली, बाहेरच्या दाराला कडी घातली आणि मागोमाग खोलीत आला. अगदी पाठीशी उभा राहिला. नमिताला त्याचा श्वास मानेवर लागत होता.

आत्या जागी होती. धनेशची चाहूल लागताच तिनं डावा हात पोटाशी ओढून घेतला. नमितानं ते पाहिलं. मघाशी तोच हात आपल्याकडे आपणहून आला होता, उज्वला समोर उभी असताना. उज्वलाला बघून आत्या घाबरली नव्हती. हे तेव्हाच दिसायला हवं होतं. पण घाटीण दिसली की आम्हाला पुढचं काही दिसतच नाही.

ती खाटेवर बसली. आत्याचा उजवा, लुळा हात तिनं मांडीवर घेतला. बोटं आखडून आत वळली होती. तिनं ती एकेक करून उघडली, तळव्यावर विड्याचं पान ठेवलं, पानावर सुपारी ठेवली आणि परत एकेक बोट मिटलं.

"धवलारनीबाय," तिनं रीतीचे शब्द उच्चारले, "आमच्या उन्नतीच्या हलदीला येवा. देवा-मानसांना आवतन द्या."

आत्याचे ओठ हलले. आधी नुसता वारा आला. मग घशातून खरखर निघाली, आणि त्या खरखरीला हळूहळू सूर फुटला. बारीक, घासलेला, पण अगदी जागेवरचा.

पयलं आवतन गावदेवी आयेला, मांडवान येवा गो,
दुसरं आवतन एकवीरा आयेला, मांडवान येवा गो...

साधं 'पाणी' म्हणता न येणारी बाई गात होती! शब्द गाण्याच्या पाठीवर बसून येत होते, एकही न अडखळता. नमितानं मागं पाहिलं. धनेशला नवल वाटलेलं नव्हतं. त्याच्या गालाची शीर उडत होती.

"रोज हेच," तो दातांखाली बोलला. "दिवसभर हेच चालतं. भाडेकरू येतात, लोकं येतात, आनि ही आपली केकाटतेय. बस कर आत्या!"

आत्या थांबली नाही. देव झाले. आता पितर. तिनं आपल्या मेलेल्या भावाला, नमिताच्या बापाला, हिरामणला बोलावलं. त्याच्या बायकोला बोलावलं. आता क्रमानं घरातला कर्ता, मुलीचा मामा. शेकडो हळदींना गायलेल्या बाईचा हा क्रम झोपेतसुद्धा चुकणार नव्हता. आत्यानं सूर लावला, आवतन म्हटलं, आणि नावाच्या जागी येऊन थांबली. तिनं धनेशकडे सरळ पाहिलं. मग ओठ घट्ट मिटले आणि ते नाव गिळून टाकलं.



मग आत्यानं परत सूर उचलला.

आवतन उजला सुनेला गो, मांडवान येवा गो...

दारातून हुंदका आला. भिंतीला धरत उज्वला तिथवर आली होती. जिच्या हळदीला आत्यानं तोंड उघडलं नव्हतं, तिचं नाव ती पहिल्यांदा धवल्यात घेत होती. ज्यानं तिच्या पाठीवर बसून खाडी बघितली त्याचं नाव मात्र तिच्या तोंडून निघालं नाही.

नमिताला आता आणखी खात्री नको होती. 'आधी सुपारी द्या' असं उज्वला का म्हणत होती, तेही आता कळलं. तिला भयंकर लाज वाटली. आणि भीतीही, कारण तिला कळलंय हे धनेशनंही ओळखलं होतं.

"भ्रमिष्ट झालीय ती," धनेश म्हणाला. "चल ताई, झालं ना तुझं?"

"मी नाय जात."

"म्हनजे?"

"सुपारी घेतलेल्या धवलारनीला एकटं सोडायचं नसतं." अशी काही रीत नव्हती. नमितानं ती तिथल्या तिथं काढली आणि एका हातानं फोन उचलला. "उज्वला, तू इकडं ये. माझ्याजवळ बस."

"कुनाला फोन लावतेस?"

"पोलिसांना."

धनेश हसला, पण हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "ताई, डोकं फिरलं काय? झाकली मूठ हाय ती झाकलेली राहू दे. मी एकटा करतू तिचं हगनं-मुतनं. तू वर्षात किती वेला आलीस, सांग? कधी गेला हात एखाद्या वेली, मानूस हाय मी!"

हे मात्र खरं होतं. ती आली नव्हती. नमिताला ते खोल लागलं, आणि तरीही तिनं पहिला आकडा दाबला.

"उन्नतीला मांडवात कोन नेनार?" त्याचा आवाज चढला. "मामाशिवाय उभी करनार पोरीला? तिच्या सासरचे काय बोलतील? मोडेल लग्न! दे तो फोन!"

त्यानं तिचा दंड धरला. बरोबर तिथंच, जिथं आत्याच्या दंडावर बोटं होती. नमिता ओरडली. त्याच वेळी बाहेर खाडकन आवाज झाला. उज्वला खोलीच्या दारातून नाहीशी झाली होती. बाहेरच्या दाराची कडी काढून तिनं दोन्ही फळ्या सताड उघड्या टाकल्या होत्या आणि जिन्याच्या तोंडाशी उभी राहून ती आपल्या गावाकडच्या खड्या आवाजात वरच्या भाडेकरूंना हाका मारत होती. "अहो सरस्वतीकाकू! खाली या! समदी खाली या!"

वरच्या मजल्यांवर दारं उघडली. चपला वाजल्या. धनेशचा हात गळून पडला. माणसांना तो भीत नव्हता, पण माणसांनी बघण्याला फार भीत होता. त्यानं बाह्या खाली केल्या, कपाळ पुसलं आणि बॅनरवरचं तोंड परत लावायचा प्रयत्न केला. उज्वलाचं रक्ताळलेलं तोंड आधीच सगळ्यांना दिसलं होतं.

फोन लागला होता. पलीकडे एक बाई शांतपणे विचारत होती, काय झालंय, कुठून बोलताय. नमितानं गाव सांगितलं, गल्ली सांगितली. लुळ्या म्हाताऱ्या बाईला बांधून मारतात, सुनेलाही मारलंय, दोघींना दवाखान्यात न्यावं लागेल, असं सांगितलं.

"आत्ता तिथे धोका आहे का?"

"हाय."

"गाडी निघतेय. लाईनवरच राहा. कोण मारतं?"

नमितानं भावाकडे पाहिलं. दारात भाडेकरू दाटले होते, आणि तो त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला होता. लहानपणी मार चुकवायला असाच पाठ करायचा आणि आत्या मध्ये पडायची. मांडवातली मामाची जागा तिच्या डोळ्यांपुढून गेली. रिकामी. उन्नती काय म्हणेल हे तिला ठाऊक नव्हतं. लग्न राहील की मोडेल, तेही नाही.

"बाई, ऐकताय ना? त्याचं पूर्ण नाव सांगा."

"धनेश हिरामण तांडेल," नमिता म्हणाली. "माझा भाऊ हाय."

पलीकडे थोडा वेळ टाईप केल्याचा आवाज येत राहिला. उज्वला आत येऊन खाटेच्या दुसऱ्या कडेला बसली होती आणि आत्याचा डावा हात तिनं आपल्या पदराखाली घेतला होता. उजव्या हाताची मूठ नमिताच्या मांडीवर तशीच मिटलेली होती.

"आजींना स्वतःला काही सांगता येईल का?" बाईनं विचारलं. "बोलू शकतात त्या?"

"बोलता येत नाय तिला," नमिता म्हणाली. "पन तिनं सांगितलंय."